डबलसीट : लांबच्या प्रवासाची गाडी निवडताना

हॉस्टेलमध्ये कुणी नवीन गाडी घ्यायची म्हटली की तीन प्रश्न ठरलेले असतात. रूम पार्टनर विचारतो, "किती सीसी?" बाजूच्या रूममधला विचारतो, "पिकअप कसा आहे बे?" आणि घरून फोन येतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" चौथा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. मागे कोण बसणार?

आपल्याकडे मोटरसायकल एकट्याची कधीच नसते. कॉलेजमध्ये मागे मित्र असतो, सुटीत घरी गेलो की आई, बहीण नाहीतर आजोबा. पण शोरूममध्ये जातो चालवणारा, टेस्ट राइड घेतो चालवणारा. मागचा माणूस त्या सीटवर पहिल्यांदा बसतो तो गाडी घरी आल्यावर, पेढे वाटून झाल्यावर! मित्रांनो, या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. लांब डबलसीट जायचं असेल तर गाडी मागच्या माणसाच्या मापाने निवडा आणि त्याच्याच मापाने तयार करा. पुढच्याचं जमून जातं.

मी तळेगाव (श्यामजी पंत)चा. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं, अमरावती-नागपूर हायवेवरचं गाव. एका बाजूला आर्वीचा रस्ता, दुसऱ्या बाजूला आष्टीचा. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे गाडीच्या पार्टची नावं मला पुस्तकातली इंग्रजीच यायची. हायवेवरच्या मेकॅनिकभाऊंकडे बसून बसून 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर'चं 'शॉकअप' झालं. इथे त्यांचेच शब्द वापरतो, ते सगळ्यांना कळतात.

आमच्या घरी पप्पांची शंभर सीसीची गाडी पंधरा वर्षांपासून आहे. मम्मीचं माहेर वरूडकडे. आष्टीमार्गे जायचं, गाडीवर तासाभराचं काम. पण गेल्या दोन वर्षांत मम्मी गाडीवर बसेनाशी झाली. कंबर धरते, पाय बधिर होतो. "तुम्ही जा गाडीनं, मी एसटीनं येतो," असं म्हणायची (आमच्या वऱ्हाडात बायकासुद्धा 'येतो'च म्हणतात) आणि एसटीची वेळ जुळली नाही की ते येणं राहूनच जायचं. तिकडे आजीची तब्येत बरी नाही. आजी वाट पाहते, मम्मी इकडे चिडचिड करते. पप्पांनी नवीन गाडी घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा 'तू मेकॅनिकलचा ना, मग तूच शोध' म्हणून काम माझ्याकडे आलं. तो अभ्यास पुढे देतो.

१) मागच्यालाच जास्त का लागतं?

एसटीच्या अगदी शेवटच्या सीटवर बसलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. मधल्या सीटवर झोप लागते, शेवटच्या सीटवर डोकं टपाला लागतं. कारण मधली सीट दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये असते आणि शेवटची मागच्या चाकाच्याही मागे.

मोटरसायकलचंही तसंच आहे. समजा व्हीलबेस १४०० मिमी आहे. चालवणारा मागच्या अ‍ॅक्सलच्या ५०० मिमी पुढे बसतो, मागचा माणूस फक्त १०० मिमी पुढे. मागचं चाक गतिरोधकावरून जाताना गाडीचा मागचा भाग ५० मिमी वर उचलला गेला, तर चालवणारा उचलला जातो सुमारे ३२ मिमी आणि मागचा ४६ मिमी. म्हणजे जवळपास दीडपट. त्यात चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. तो पायांवर जोर देऊन थोडा उठतो, हँडल धरून सावरतो. मागच्याला समोर दिसते ती फक्त आपली पाठ. त्याच्या कमरेला खड्डा कळतो तो बसल्यावरच.

बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी वर-खाली हालचाल सगळ्यात जास्त जाणवते. खराब रस्त्यावर सीटमधून येणाऱ्या हेलकाव्यांमध्ये नेमका हाच पट्टा सापडतो. म्हणून 'मला सवय नाही' असं मागचा माणूस म्हणतो तेव्हा प्रश्न सवयीचा नसतो, जागेचा असतो.

२) वजन कुठे जातं?

फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधला बीमचा प्रश्न आठवा. इथे तोच सोडवायचा आहे. आकडे सोपे घेतले आहेत. गाडी १८० किलो, तिचा गुरुत्वमध्य बरोबर मधोमध. चालवणारा ७० किलो. मागच्या अ‍ॅक्सलभोवती मोमेंट घेतले की:

– एकटा चालवणारा: पुढच्या चाकावर ११५ किलो, मागच्यावर १३५.
– मागे ६५ किलोचा माणूस बसला: पुढे सुमारे १२०, मागे १९५.
– मागच्या कॅरिअरवर, अ‍ॅक्सलच्या २५० मिमी मागे, १० किलोची बॅग बांधली: पुढे सुमारे ११८, मागे २०७.

मागच्या माणसाच्या ६५ किलोंपैकी ६० किलो सरळ मागच्या चाकावर गेले. आणि बॅग ठेवल्यावर तर पुढच्या चाकावरचं वजन वाढायच्या ऐवजी कमी झालं! पुढचं चाक हलकं झालं की हँडल हलकं लागतं, वळणावर गाडी बाहेर ओढल्यासारखी वाटते. डबलसीटच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या तीन ओळींत आहे.

आता दुसरा हिशोब. प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त भार लिहिलेला असतो. तो चालवणारा, मागचा आणि सामान मिळून असतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांमध्ये हा आकडा बरेचदा १३० किलोच्या आसपास सापडतो. ७० अधिक ६५ म्हणजे १३५. बॅग ठेवायच्या आधीच कोटा संपला. गाडी घेताना अ‍ॅव्हरेजच्या आधी हे पान वाचा.

३) कोणत्या जातीची गाडी?

शंभर-सव्वाशे सीसी. स्प्लेंडर, शाइन वगैरे. हलक्या, आणि सीट लांब, सपाट, सलग. मागचा माणूस मोकळा बसतो, हे या गाड्यांचं कुणी न सांगितलेलं सुख आहे. तासाभराच्या रस्त्याला उत्तम. पण दोघं धडधाकट असतील आणि दिवसभर हायवेवर जायचं असेल तर भार आणि ब्रेक दोन्ही अपुरे पडतात.

दीडशे-दोनशे सीसीच्या स्पोर्टी गाड्या. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये याच जास्त. अनेकांची सीट दोन तुकड्यांची, मागची उंच, अरुंद आणि पातळ. मागचा माणूस प्रत्येक ब्रेकला पुढे घसरतो आणि चालवणाऱ्याच्या मनगटावर दोघांचं वजन येतं. कॉलेजमध्ये ठीक, आईला घेऊन चिखलदऱ्याला नको.

क्रूझर. बजाजची अ‍ॅव्हेंजर २००५ साली आली, ती या जातीची सगळ्यांना माहीत असलेली गाडी. अ‍ॅव्हेंजर २२० ची सीट जमिनीपासून ७३७ मिमी, रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० ची ७६५. चढायला-उतरायला सगळ्यात सोप्या. पण बुटक्या गाडीत मागच्या शॉकअपला हलायला जागा कमी, म्हणून खराब रस्त्यावर दणका जास्त.

साडेतीनशे सीसीच्या बुलेट, क्लासिक. मीटिऑरमध्येही हेच ३४९ सीसीचं इंजिन. २० बीएचपी आणि २७ न्यूटन-मीटर टॉर्क. वीस बीएचपी ऐकून पोट्टे नाक मुरडतात, पण डबलसीटला कामी येतो तो टॉर्क. तो कमी आरपीएमला मिळतो, सारखे गिअर बदलावे लागत नाहीत, आणि मागच्याचं हेल्मेट दर गिअरला आपल्या हेल्मेटवर आपटत नाही. वजन मात्र १९० किलोच्या आसपास. दोघांना घेऊन पार्किंगमध्ये वळवताना ते जाणवतं.

अ‍ॅडव्हेंचर. २०१६ साली हिमालयन आली तेव्हापासून या जातीचं वेड आहे. शॉकअपचा प्रवास लांब, सामान बांधायला जागा, खड्ड्यात राजा. २०२३ च्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिमीवर आणि मागची त्याहून उंच. पंचविशीतल्या मित्रासाठी झकास, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी घोड्यावर चढण्यासारखं.

एक आकडा खिशासाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. म्हणून ३४९ आणि ४५२ सीसी यांच्यातला किमतीचा फरक आता आधीपेक्षा मोठा आहे.

४) शोरूममध्ये कुणाला न्यायचं?

जो मागे बसणार त्याला. आमच्या घरी पप्पांचं मन अ‍ॅडव्हेंचर गाडीवर होतं. मम्मीला घेऊन गेलो. ती फुटरेस्टवर पाय ठेवून दोनदा चढली, तिसऱ्यांदा म्हणाली, "रस्त्यात पाच वेळा उतरावं लागलं तं मी काय शिडी आणू?" विषय संपला. शेवटी सलग लांब सीटची साडेतीनशे सीसी ठरली, आणि ती निवडली मम्मीने.

मागच्या माणसाकडून या परीक्षा करून घ्या:

– पाच वेळा चढा-उतरायला सांगा. गाडी मेन स्टँडवर नको, चालवणारा पाय टेकून बसलेला हवा.
– बसल्यावर गुडघ्याचा कोन पाहा. फुटरेस्ट उंच असेल तर गुडघे पोटाशी येतात आणि अर्ध्या तासात पाय बधिर होतो. मांडी साधारण सपाट राहिली पाहिजे.
– धरायला दोन्ही बाजूंना दांडी आहे का? हात मागे फार न वळवता ती हाताला येते का?
– टेस्ट राइड दोघांनी मिळून घ्या, निदान वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं प्रत्येक सीट मऊच लागते.
– एबीएस पाहा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नवीन गाड्यांना तो सक्तीचा आहे, पण सिंगल चॅनेल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागच्या चाकावर २०० किलो टाकणार असाल तर डबल चॅनेल घ्या.

५) फुकटात होणारी कामं

नवीन गाडी यायला वेळ होता, म्हणून आधी जुन्या गाडीवर हात चालवला. ही कामं कोणत्याही गाडीला लागू आहेत.

शॉकअप. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली पाच-सहा खाचा असतात. टूलकिटमधला वाकडा पाना त्याच्यासाठीच असतो. खाच वाढवली म्हणजे स्प्रिंग कडक होत नाही, ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते. त्यामुळे दोघं बसल्यावर गाडी कमी खाली बसते आणि खड्ड्यासाठी प्रवास शिल्लक राहतो. मोजायची रीत सोपी आहे. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलच्या नटपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजा. मग स्टँड काढून दोघं बसा, तिसऱ्याला मोजायला लावा. फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश हवा. अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर खाच वाढवा. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे सारखीच खाच, हे विसरू नका.

हवा. मॅन्युअलमध्ये किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर मागच्या टायरचे दोन आकडे असतात, एकट्यासाठी आणि दोघांसाठी. पंपावर 'हवा मार' म्हटलं की तो अंदाजाने मारतो. आकडा तुम्ही सांगा. हवा टायर थंड असताना तपासायची. उन्हात धावून टायर तापला की प्रेशर वाढतं, ते पाहून हवा सोडू नका.

चेन. दोघं बसले की मागचा भाग खाली जातो आणि चेन ताणली जाते. एकट्याने घट्ट केलेली चेन दोघांच्या वजनाला फारच घट्ट होते. मॅन्युअलमध्ये दिलेली ढील ठेवा आणि दोघं बसून पुन्हा तपासा.

हेडलाइट. मागचा भाग ३० मिमी जास्त बसला तर १४०० मिमीच्या व्हीलबेसवर गाडी सुमारे १.२ अंश वर पाहते. ५० मीटरवर प्रकाशाचा झोत एक मीटरपेक्षा जास्त वर जातो. समोरचा ट्रकवाला डिपर मारतो तो उगाच नाही. भिंतीसमोर दोघं बसून लाइट खाली करा.

ब्रेक. २५० किलोचे ३२५ झाले म्हणजे तेवढ्याच स्पीडला थांबवायची ऊर्जा ३० टक्के जास्त. लिव्हरवर नेहमीएवढाच जोर लावला तर थांबायला अंतरही तेवढंच जास्त लागेल. जोर वाढवावा लागतो, आणि तो आधीपासून वाढवावा लागतो.

जुन्या गाडीला शॉकअपच्या दोन खाचा, हवा आणि नवीन फोम एवढंच केलं. मम्मी वरूडपर्यंत एकदाच उतरली, तेही संत्र्याचा रस प्यायला.

६) पैसे टाकून करायची कामं

हेल्मेट दोन. हा खर्च पहिला. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२९ मागच्या माणसालाही लागू आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय मार्कचंच विकता येतं, मानक आयएस ४१५१. मागच्याला जुनं, सैल हेल्मेट देऊ नका. वाऱ्याचे भोवरे त्याच्याच डोक्यावर येतात, सैल हेल्मेट डुलत राहतं आणि मान दुखते.

सीट. जास्त मऊ फोम नको. तो तासाभरात दबतो आणि माणूस खालच्या पत्र्यावर बसतो. खाली घट्ट फोम, वर दोन बोटं मऊ, असं सीट कव्हरवाल्याला सांगा. मागची बाजू रुंद आणि सपाट करून घ्या, उतार ठेवू नका. रेक्झिन गुळगुळीत नको.

पाठीला टेका. मागच्या कॅरिअरला लावायचा गादीचा टेका स्वस्त आहे आणि मोठा आधार आहे. पिकअप घेताना 'मी मागे पडेन' ही भीती गेली की माणूस अंग सैल सोडून बसतो. निम्मी कंबरदुखी अंग आखडून बसण्याची असते.

साडी गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या माणसासाठी धरायची सोय, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं गार्ड आवश्यक आहे. आपले पोट्टे लूक जातो म्हणून ते पहिल्या दिवशी काढून ठेवतात. ओढणी किंवा पदर चाकात गेला तर काय होतं ते इथे लिहायला नको. गार्ड लावा, ओढणी मागे गाठ मारून जॅकेटच्या आत घ्या.

एका बाजूला बसणं. लांबच्या प्रवासात हे टाळाच. गुडघ्यांनी पकड घेता येत नाही, कमरेला पीळ बसतो, आणि जोरात ब्रेक लागला तर धरायला एकच हात उरतो. गंमत म्हणजे नऊवारी नेसणारी आमची आजी दोन्हीकडे पाय टाकून आरामात बसते, पाचवारीवाली मम्मी बसू शकत नव्हती. आता ती वरूडला जाताना पंजाबी ड्रेस घालते. "माहेरीच तं जायचं आहे, कोण काय म्हणते," असं तिचं तिनेच ठरवलं.

७) सामान कुठे?

वरच्या हिशोबातली १० किलोची बॅग कॅरिअरवरून काढून टाकीवर, मागच्या अ‍ॅक्सलच्या ८०० मिमी पुढे ठेवली तर जवळपास ६ किलो पुढच्या चाकावर जातात. म्हणून जड वस्तू टाकीवरच्या बॅगेत किंवा सीटच्या दोन्ही बाजूंच्या झोळ्यांमध्ये, खाली आणि सारख्या वजनाच्या. कॅरिअरवर फक्त हलकं, रेनकोट वगैरे. बॅग दोघांच्या मध्ये ठेवू नका. मागचा माणूस तेवढाच मागे सरकतो आणि सगळा हिशोब बिघडतो.

८) रस्त्यावर

आमच्या गावावरून जाणारा जुना एनएच ६ आता एनएच ५३ आहे. नागपूर साधारण शंभर किलोमीटर, अमरावती त्याच्या निम्म्याने. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जात असला तरी त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, तेव्हा मोटरसायकलवाल्यांचा रस्ता हाच. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात उतरताना डबलसीटची खरी परीक्षा होते. वरूनच गिअर खाली घ्या, इंजिनाला गाडी धरू द्या, आणि दोन्ही ब्रेक सोडून-धरून लावा. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि ऐनवेळी कमी लागतो.

दर पाऊण तासाने पाच मिनिटं थांबा, मागचा 'थांब' म्हणायच्या आधी. तो संकोचाने म्हणत नाही. निघायच्या आधी खुणा ठरवा. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. मे महिन्यात विदर्भाचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पहाटे निघा, अकराच्या आत पोहोचा, पाणी मागच्याच्या हाताला येईल असं ठेवा. आजीने दिलेला कांदा खिशात असला तर असू द्या, पण पाणी जास्त कामाचं.

शेवटी क्रम लक्षात ठेवा. पहिलं दोन हेल्मेट, मग टायर आणि ब्रेक, मग शॉकअपची खाच, मग सीट आणि टेका. सायलेन्सर, स्टिकर आणि निळे लाइट यांचा नंबर या यादीत लागतच नाही. आणि पुढच्या वेळी कुणी पार्किंगमध्ये नवीन गाडी दाखवायला आणली तर लगेच चावी मागू नका. त्याच्या मागे बसून गेटपासून हायवेपर्यंत एक चक्कर मारा, आणि खरं काय वाटलं ते त्याला सांगा. त्याच्या आईला पुढे तेच वाटणार आहे.